बंद करू नये

"तुमच्या एकाही फोटोला धक्का लागणार नाही," फुंकरकाका जावयाला तिसऱ्यांदा सांगत होते. "ही नवी सिस्टिम मी लॅपटॉपमध्ये बसवत नाहीये. नुसती वापरून बघायची. पेनड्राइव्हवरून चालते. पेनड्राइव्ह काढला की गेली. तुमच्या मशिनला पत्तासुद्धा लागत नाही."

"नाही, तसं काही नाही, बाबा," जावई म्हणाला. म्हणजे तसंच होतं. लग्नाचे आणि मुलीच्या पहिल्या वर्षाचे सगळे फोटो त्या जुन्या लॅपटॉपमध्ये होते. ते एकदा दुसरीकडे काढून घ्यायचेत असं तो दर सुट्टीला म्हणायचा आणि दर सुट्टी झोपण्यात जायची. लॅपटॉप तर इतका मंदावला होता, की चालू करून माणूस आंघोळीला गेला तरी परत येईपर्यंत जेमतेम जागा झालेला असायचा. म्हणून तो कपाटावर धूळ खात पडला होता.

काकांनी त्या धुळीवर एक फुंकर मारली आणि पेनड्राइव्ह खोचला.

फुंकर हीच त्यांची ओळख. त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं एवढंसं दुकान होतं. कुठलंही मशीन आलं की काका आधी ते उघडायचे, गाल फुगवायचे आणि फुंकर मारायचे. निम्मी मशिनं तेवढ्यावरच सुरू व्हायची. फुंकरीचे पैसे कसे घेणार, म्हणून ते गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवायचे. दुकान का चाललं नाही ते यावरून कळेल, आणि बंद का पडलं नाही तेही. सगळा रस्ता त्यांना फुंकरकाका म्हणायचा, आणि त्यांच्या बायकोला, तिने आयुष्यात कधी फुंकर मारली नसली तरी, फुंकरकाकू.

ज्यांची मशिनं जुनी झाली त्यांना काका ही फुकटची सिस्टिम सुचवायचे. "घाई करू नका," ते म्हणायचे. "आधी दोन दिवस वापरून बघा. पटली तर बसवू. नाही पटली तर पेनड्राइव्ह मला परत आणून द्या. जुनं जिथल्या तिथे." एका गिऱ्हाइकाने एकदा विचारलं, "काका, लग्नाआधी अशी सोय का हो नसते?" काका म्हणाले, "असती तर तुझ्या बायकोने तुला दोन दिवसांत परत केला असता."

पडद्यावर दोन चौकटी आल्या. ‘वापरून बघा’ आणि ‘बसवा’. काकांनी पहिलीवर टिचकी मारली. थोड्याच वेळात निळंशार, मोकळं पान उघडलं. जावयाने बघितलं, मान डोलावली आणि निर्धास्त होऊन ऑफिसला गेला. लेक आधीच गेली होती. नात शाळेत होती. घरात काका आणि काकू दोघंच उरले.

आणि नेमकं हेच काकांना हवं होतं. त्यासाठीच तर ते दुकानाला कुलूप घालून एवढा प्रवास करून आले होते.

काकू लेकीच्या बाळंतपणाला आल्या होत्या, तीन महिन्यांसाठी. मग लेकीची रजा संपली. मग पाळणाघर काही पसंत पडेना. मग नात आजीशिवाय झोपेना. थोडे दिवस, थोडे दिवस करता करता ती पोर चार वर्षांची व्हायला आली. मधे दोनदा काकू घरी जाऊन आल्या, त्याही पाहुण्यासारख्या. पिशवी पुरती उघडलीसुद्धा नव्हती. कोणी कोणावर जबरदस्ती केली नव्हती, हे खरंच. पण काकांना करमत नव्हतं. दुकानातून घरी यायचं, दिवा लावायचा, सकाळचाच भात परत गरम करायचा आणि फोनच्या चिमुकल्या पडद्यावर बायकोचं कपाळ बघायचं. काकूंना फोन नीट धरता येत नसे. जवळजवळ चार वर्षं काका कपाळाशीच संसार करत होते.

आता नातीची शाळा दिवसभराची झाली होती. आता तरी काकूंना "घरी चल" म्हणायला हरकत नव्हती. बसमध्ये येताना काकांनी ते वाक्य किती वेळा तरी मनात म्हणून बघितलं होतं. प्रत्येक वेळी छान जमलं होतं.

"हे कशाला आणि काढलंत?" काकू हात पुसत बाहेर आल्या.

"तुझ्यासाठी. मोठा पडदा आहे. यावर बोलू आपण. तुझं तोंड तरी दिसेल."

"माझ्या तोंडात आता काय बघायचंय!" म्हणाल्या खऱ्या, पण खुर्ची ओढून बसल्या.

काकांनी घसा खाकरला. बोलायचं असलं की त्यांचे हात काही तरी उघडायला लागत. इथे स्क्रू नव्हता, म्हणून त्यांनी चित्रं काढायचा प्रोग्रॅम उघडला. "हे बघ, इथे रेघ मारता येते. हा माउस धर. धर गं, चावत नाही."

काकूंनी एक रेघ मारली. मग तिला काटकोनात दुसरी. काकू आयुष्यभर घरी शिवणकाम करत आल्या होत्या. कागदावर बेतून, मग कापडावर. माउस घसरला तरी रेघ कुठे वळवायची ते त्या हाताला माहीत होतं. बघता बघता पडद्यावर एक चौकोन झाला. चौकोनात एक भिंत आली. भिंतीला दाराची फट आली.

"हे काय काढतेयस?"

"ओळखा."

काकांनी ओळखलं. त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं ते.

"ही खिडकी," काकू सांगू लागल्या. "खिडकीखाली माझं मशीन. ही कॉट, या भिंतीला. ही तुमची खुर्ची, पुढच्या दाराशी. डब्यांची फळी इथे. मशीन तिथेच आहे ना हो?"

"तिथेच आहे," काका म्हणाले.

मशीन तिथे नव्हतं. मशीन मागच्या खोलीत, स्वयंपाकघरात होतं आणि त्याच्यावर गिऱ्हाइकांनी टाकून दिलेले दोन मॉनिटर होते. खिडकीखाली तारांची खोकी होती. कॉट काकांनी पंख्याखाली ओढली होती आणि फळीवरच्या डब्यांत स्क्रू भरले होते. एकट्या माणसाचं घर दुकान व्हायला कितीसा वेळ लागतो! पण हे त्या तोंडावर कसं सांगणार? काकू हसत होत्या. किती दिवसांनी हसताना दिसल्या होत्या.

त्या दुपारी वाक्य राहून गेलं. ‘चित्र पुरं होऊ दे, मग बोलू,’ असं काकांनी ठरवलं.

पण चित्र काही पुरं होईना. काकूंना रोज नवीन काही तरी आठवायचं. खुंटी आठवली, आरसा आठवला, मोरीचा उंबरठा आठवला. बेत चुकला की पुसायच्या आणि परत काढायच्या. अडचण एकच होती. हे चित्र कुठेच उतरत नव्हतं. पेनड्राइव्हमध्ये सिस्टिमशिवाय काही राहत नव्हतं. जावयाच्या फोटोंच्या जागेला हात लावायचा नाही असा शब्द दिलेला. त्यामुळे सगळं चित्र मशीन चालू आहे तोवरच होतं, पाटीवर लिहिलेलं पुसेपर्यंत असतं तसं. काकांनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत ‘बंद करू नये’ लिहिलं, लॅपटॉपच्या वर भिंतीला चिकटवलं आणि वायर कायमची लावून ठेवली.

"मी फोनमध्ये याचा फोटो काढून घेऊ का?" त्यांनी विचारलंही.

"अर्धवट कशाला नेता? पुरं झालं की न्या." काकूंना अर्धं शिवलेलं कापड कोणाच्या हातात दिलेलं कधी आवडलं नव्हतं.

नात शाळेतून आली की आजीच्या मांडीवर चढायची. "आजी, यात मांजर काढ."

"आपल्या घरी मांजर कुठंय?"

नातीने मान वळवून आख्ख्या हॉलकडे बघितलं. "आपल्या घरी सोफा आहे. तू सोफा काढलाच नाहीस."

"हे दुसरं घर आहे, बाळा."

"कोणाचं?"

काकूंनी माउस पुढे ओढला. नातीच्या समाधानासाठी त्यांनी कोपऱ्यात एक मांजर काढलं आणि ती खेळायला गेल्यावर हळूच पुसून टाकलं. काका हे बघत होते. आज रात्री जेवण झालं की बोलायचंच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

जेवताना लेकीने भात चिवडत ठेवला. जावयाने तिच्याकडे बघितलं. "सांग ना," तो म्हणाला. "बाबापण आहेत."

लेक लाजली. आणि ती एवढी मोठी ऑफिसर झालेली पोर लाजते कशी, हे काकांना कळायच्या आत म्हणाली, "आई, बाबा, घरात आणखी एक जण येणार आहे."

"अगं बाई!" काकूंनी तिला उष्ट्या हातानेच जवळ घेतलं.

"खरं सांगू, आई आहे म्हणून धाडस केलं," लेक म्हणाली. "नाही तर आमच्याच्याने दुसरं झेपलंच नसतं."

काकांना आनंद झाला. हे लिहून ठेवायला हवं, कारण त्यांना खरोखरच आनंद झाला. डोळ्यांत पाणी आलं, ते जावयाला दिसलं आणि जावयालाही भरून आलं. फक्त ते पाणी सगळंच्या सगळं त्या आनंदाचं नव्हतं. काकूंनी लेकीच्या खांद्यावरून काकांकडे बघितलं. काकांनी वरणाचं भांडं पुढे ओढलं.

"बाबा, तुम्हीच या ना इथे," लेक म्हणाली. "दुकान आता किती दिवस चालवणार?"

तसं काकांनी ते वापरून बघितलं होतं. मागल्या वर्षी महिनाभर राहिले होते. हॉलमधल्या सोफ्यावर झोपायचे, पाय बाहेर यायचे, रात्रभर फ्रिज कण्हत असायचा. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मजल्यावरच्या सगळ्या शेजाऱ्यांच्या बेल दुरुस्त केल्या. तिसऱ्या आठवड्यात नादुरुस्त असं काही उरलं नाही. मग ते सकाळी उठून तयार होऊन सोफ्यावर बसून राहायचे आणि जावई ऑफिसला जाताना "येतो, बाबा" म्हणाला की ओशाळे व्हायचे. कोणी काही कमी पडू दिलं नव्हतं. पण इथे त्यांना फुंकरकाका म्हणणारं कोणी नव्हतं. नुसतं बाबा म्हणून दिवसभर किती वेळ बसणार?

"बघू," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना काकू म्हणाल्या, "आल्यापासून तुम्ही काही तरी सांगायला बघताय."

"कोण, मी?"

"नाही, पलीकडच्या गॅलरीतले."

काकांनी एक चिमटा घेतला, उघडला, मिटला. "काही नाही गं. जाड चादरी कुठे ठेवल्यास, ते विचारायचं होतं."

"कॉटच्या खालच्या खोक्यात," काकू म्हणाल्या. थोडा वेळ थांबल्या. काकांनी चिमटा पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. मग काकूंनी त्यांच्या हातातून तो काढून घेतला आणि नातीच्या फ्रॉकला लावला. "एवढ्यासाठी एवढ्या लांब आलात होय!"

निघायच्या दिवशी सगळीच धांदल झाली. बस सकाळची होती. नातीला शाळेत पोचवायचं होतं, लेकीला डॉक्टरांकडे जायचं होतं, जावयाने रिक्षा बोलावून ठेवली होती आणि ती खाली हॉर्न वाजवत होती. काकू डबा भरत होत्या. चित्र आदल्या संध्याकाळी जवळजवळ झालंच होतं. "निघताना न्या," काकू म्हणाल्या होत्या.

"बाबा, रिक्षा!" जावयाने दारातून हाक मारली.

काकांनी चष्मा घेतला, पिशवी घेतली. टेबलापाशी आले. उभ्या उभ्या त्यांचा हात पुढे गेला. गिऱ्हाइकाकडून निघताना शेवटी जे करायचं ते त्या हाताने वर्षानुवर्षं केलं होतं. मशीन बंद करायचं. पडदा विझेपर्यंत थांबायचं. झाकण मिटायचं. पेनड्राइव्ह काढायचा, टोपण लावायचं, वरच्या खिशात टाकायचा. हाताने सगळं नीटनेटकं, क्रमाने केलं. डोक्याला कोणी विचारलंच नाही. भिंतीवरचा कागद त्यांच्याच अक्षरातला होता, त्यामुळे तर तो त्यांना मुळीच दिसला नाही.

दारात काकूंनी डबा दिला. "सांभाळून जा. पोचलात की फोन करा." काका "हो" म्हणाले आणि जिना उतरले.

बस गावाबाहेर पडली तेव्हा कंडक्टरला तिकीट दाखवायला त्यांनी वरच्या खिशात हात घातला. तिकिटाबरोबर पेनड्राइव्ह हातात आला. काका त्याच्याकडे बघत राहिले.

"अहो, तिकीट दाखवताय ना?" कंडक्टर म्हणाला.

"गेलं," काका म्हणाले.

"अहो हातात तर आहे!"

कंडक्टरने स्वतःच तिकीट ओढून बघितलं, परत त्यांच्या मुठीत कोंबलं आणि पुढे गेला. काकांना स्वतःची इतकी चीड आली की त्यांनी कपाळ पुढच्या सीटच्या दांडीवर टेकवलं. दुसऱ्याचं काही पुसलं जाऊ नये म्हणून सगळा रस्ता ज्याच्याकडे यायचा, त्याने हे केलं होतं. मशीन गेलं असतं तर दुरुस्त केलं असतं. हे कुठून परत आणणार? ते कुठे उतरलंच नव्हतं.

दुपार कलताना त्यांनी घराचं दार उघडलं. आत बंद घराचा वास होता. काकांनी पिशवी खाली ठेवली, डबा पिशवीतच राहू दिला आणि बाह्या वर सरकवल्या.

आधी त्यांनी खिडकीखालची तारांची खोकी उचलून मागे नेली. मग शिलाई मशिनवरचे मॉनिटर उतरवले. मशीन लोखंडी पायांचं होतं, एकट्याला उचलण्यासारखं नव्हतं. ते त्यांनी इंचाइंचाने, एकदा हा पाय, एकदा तो पाय, असं ढकलत खिडकीखाली आणलं. फरशीवर ओरखडे उठले. मशिनवर धूळ होती. त्यांनी फुंकर मारायला गाल फुगवले, मग विचार बदलला आणि ओल्या फडक्याने पुसलं. कॉट भिंतीला लावली. डब्यांतले स्क्रू एका बादलीत ओतले, डबे घासले, फळीवर रांगेने मांडले. खुर्ची पुढच्या दाराशी. आरसा खुंटीशेजारी. आठवेल तसं एक एक करत गेले. चित्र आता दुसरीकडे कुठे नव्हतं, त्यांच्या डोक्यात होतं आणि डोक्याचा काही भरवसा नव्हता. आजच उतरवून ठेवायला हवं होतं.

सगळं झालं, पण एक उरलं. स्वयंपाकघराच्या दाराशी काकूंनी एक लहानसा चौकोन काढला होता. काकांनी तो बघितला होता, पण काय आहे म्हणून विचारलं नव्हतं. माउस घसरला असेल असं त्यांना वाटलं होतं. आता ते त्या जागेवर उभे राहून डोकं खाजवत होते. शेवटी त्यांनी फोन लावला.

"पोचलो गं."

"जेवलात?"

"जेवेन. अगं, तो लॅपटॉप... मी बंद केला. हाताच्या सवयीने. चित्र गेलं."

"कळलं मला," काकू म्हणाल्या. "दुपारी बसायला गेले तर भिंतीवर कागद होता आणि चित्र नव्हतं."

"रागावलीस?"

"रागावून काय करू? माझंच मेलीचं चुकलं. पुरं होऊ दे, पुरं होऊ दे करत बसले."

आज फोन कानाला होता, कपाळसुद्धा दिसत नव्हतं.

"एक सांग," काका म्हणाले. "स्वयंपाकघराच्या दाराशी तू एक छोटा चौकोन काढला होतास. ते काय होतं?"

"माझं स्टूल."

"स्टूल तर मशिनपाशी असायचं ना?"

"दिवसा मशिनपाशी. संध्याकाळी तिथे घेऊन बसायचे. तिथून पुढच्या दारातून रस्ता दिसतो, पार कोपऱ्यापर्यंत. तुम्ही कोपऱ्यावर दिसलात की उठायचे, चहा टाकायला."

काका भिंतीला टेकले. "मला वाटायचं, माझी वेळ ठरलेली आहे म्हणून चहा तयार असतो."

"तुमची वेळ कसली ठरलेली! कधी सात, कधी नऊ."

काकांनी फोन या कानाचा त्या कानाला घेतला. हातात उघडायला काही नव्हतं.

"तू घरी ये," ते म्हणाले.



"आता कशी येऊ हो?" काकू म्हणाल्या. "तिचं हे असं..."

"आता नाही गं. तिचं सगळं नीट होऊ दे. पोर मोठं होऊ दे. पण मी तुला बोलावलंय, एवढं तुझ्याजवळ असू दे. चादरी कुठे आहेत ते मला ठाऊक होतं. मी हेच सांगायला आलो होतो."

"मी वाट बघत होते," काकू म्हणाल्या. मागून नातीची "आजी" अशी हाक आली, आणखी एक आली. "ठेवते हं. जेवून घ्या."

काकांनी स्टूल शोधलं. ते मागच्या खोलीत होतं आणि त्याच्यावर जुन्या कीबोर्डांची चळत होती. चळत त्यांनी जमिनीवर ठेवली, स्टूल पुसलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवलं. मग पुढचं दार सताड उघडलं, परत आले आणि स्टुलावर बसले.

रस्ता दिसत होता. पार कोपऱ्यापर्यंत. संध्याकाळ झाली होती आणि माणसं कामावरून परतत होती. कोपऱ्यावर कोणी ना कोणी वळत होतं, आणि दर वेळी काकांची मान थोडी पुढे जात होती.